बिनशिट्टीचा फुटबॉल

माझा दादा कोल्हापुरात राहतो आणि दर रविवारी फोन करून अमेरिकेचा पाणउतारा करतो. विषय एकच, फुटबॉल. "एवढा मोठा देश तुमचा," तो म्हणतो, "पैसा हाय, मैदानं हायत, दूध-अंडी हायत. आणि चांगली अकरा पोरं गावंनात व्हय तुमास्नी?" मला इथे येऊन वीसेक वर्षं झाली, पासपोर्टही इथला झाला, त्यामुळे अमेरिकेची बाजू मलाच घ्यावी लागते. मी सांगते की अरे, इथली उंच पोरं बास्केटबॉलला जातात, दणकट पोरं त्यांच्या त्या हातात धरून पळायच्या फुटबॉलला जातात, आणि आपल्या खेळाच्या वाट्याला उरतात ती उरतात. त्यावर तो म्हणतो, "आपल्या जिल्ह्याएवढे देश हायत, ते तुमास्नी हरवून जात्यात. तिथं काय उंच पोरं जन्मतच न्हाईत?" मग मी नेटवर्क गेल्याचं सोंग घेते. वर्षानुवर्षं मी हे भांडण हरत आले. गेल्या उन्हाळ्यात मात्र जिंकले, आणि असं जिंकले की दादाची बोलती बंद झाली. तीच गोष्ट सांगते.

कोल्हापूर म्हटलं की लोकांना कुस्ती आणि तांबडा रस्सा आठवतो. आमच्या घरी फुटबॉल होता. तिथे पेठेची तालीम असते, तालमीचा फुटबॉल संघ असतो, आणि दोन पेठांचा सामना असला की एका पेठेतून दुसऱ्या पेठेत लग्न होऊन गेलेल्या बायका त्या दिवशी माहेरच्यांशी बोलत नसत. दादा आमच्या पेठेकडून डाव्या बाजूने खेळायचा. मी गल्लीत गोलकीपर होते, कारण गोलकीपर व्हायला कुणीच तयार नसायचं आणि मी सगळ्यात लहान. दोन घरांच्या पायऱ्यांमधली जागा म्हणजे गोल. चेंडू गटारात गेला की काढायचा मी, गोल झाला नाही असं ओरडून भांडायचंही मीच. सातवीत गेले तेव्हा आईने मला गल्लीतून आत बोलावलं, ते कायमचं. दादा बाहेर खेळत राहिला. त्याचा राग माझ्या पोटात अजून आहे.

आता मी न्यू जर्सीत, पार्सिपनीला राहते आणि एका औषधांच्या कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसते. नवरा पुण्याचा. त्याला फुटबॉलमधलं एवढंच कळतं की आज लेकाने गोल केला की नाही. पण लेक चालायला लागला तेव्हा पहिला चेंडू त्याच्या पायाशी मी टाकला. जुन्या मोज्यांचा, वर दोरा गुंडाळलेला. बेसमेंटमध्ये धुवायच्या कपड्यांच्या टोपल्या मांडून मी त्याला त्यांच्यामधून चेंडू न्यायला शिकवलं. त्याला ते वेड लागलं. जेवायला बोलावलं तर चेंडू पायात घेऊन यायचा, खुर्च्यांच्या पायांमधून काढायचा, बापाच्या पायांमधून काढायचा, आणि बाप दचकला की खदखदून हसायचा.

मग इथल्या रीतीप्रमाणे त्याला क्लबात घातलं. आठवड्यातून तीनदा प्रॅक्टिस, शनिवार-रविवारी गाडीने दोन-दोन तास दूर मॅच, आणि त्या सगळ्याची फी भरताना नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. मैदानाच्या कडेला आम्ही सगळे पालक घडीच्या खुर्च्या मांडून थर्मासमधला चहा पीत बसायचो. आमच्या लोकांतल्या बाबा मंडळींनी लहानपणापासून फक्त क्रिकेट खेळलेलं. फुटबॉल ते इथे येऊन व्हिडिओ बघून शिकलेले, आणि ओरडण्यात सगळ्यांच्या पुढे. "पास कर ना यार! स्प्रेड आउट! अरे, शेप ठेवा शेप!" शेप म्हणजे काय, हे मी एकाला विचारलं, तर तो चहा ओतायला उठला.

कोच इंग्लंडचे होते. तिकडचा उच्चार असला की कोच भारीच असणार, असा इथल्या पालकांचा पक्का समज आहे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा एकच मंत्र होता: दोनदा पाय लावा आणि चेंडू सोडा. माझ्या लेकाच्या पायात चेंडू आला की तो सोडवत नसे. समोरचा एक गेला, दुसरा गेला, तिसरा अडवायला आला की त्याच्या डोळ्यांत तेच बेसमेंटमधलं हसू यायचं. आणि कडेने शिट्टी, "टू टच! टू टच!" हळूहळू ते हसू यायचं बंद झालं. चेंडू आला की तो आधी कोचकडे बघायचा, मग खुर्च्यांकडे, आणि मग चेंडूकडे. एवढ्या वेळात चेंडू दुसऱ्याचा झालेला असायचा.

तेरावं सरलं त्या वसंतात त्याला टीममधून काढलं. ईमेल आला, फार सभ्य भाषेत, की मुलगा गुणी आहे पण चेंडू जास्त वेळ जवळ ठेवतो. लेकाने ते वाचलं, गॅरेजमध्ये गेला आणि आपले बूट दान द्यायच्या कपड्यांच्या पिशवीत टाकून आला. "आय'म डन, आई," म्हणाला. रडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने वर जाऊन खोलीचं दार लावलं, हळूच, आवाज न करता, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात चेंडूचा आवाजच बंद झाला. तो आवाज गेल्यावर घर इतकं मोकळं वाटायला लागलं की मला कुठे बसावं कळेना. मला त्याला खेळाडू वगैरे करायचं नव्हतं. पण ज्या गोष्टीवर माझ्या पोराचा एवढा जीव होता ती त्याच्यापासून एका शिट्टीने सुटावी, हे मला मान्य नव्हतं.

नवऱ्याने लगेच उपाय काढला. "प्रायव्हेट ट्रेनर बघू. पिस्कॅटवेला एक आहे म्हणे, युनिव्हर्सिटीकडून खेळलेला. वन-ऑन-वन. वीकनेसवर काम करेल." हा आमच्या लोकांचा जन्माचा घोटाळा. गणित कच्चं, क्लास लावा. गाणं येत नाही, क्लास लावा. पोरगं हसायचं थांबलंय, त्यालाही क्लास लावा. मी कोल्हापुरीत काहीतरी बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवऱ्याला त्यातलं निम्मं कळलं आणि त्याने ट्रेनरचा विषय सोडला.

मी लेकाला म्हटलं, "चल, गाडीत बस. कुठेतरी खेळ चालू असेल, तिथे घुसू." जून महिना, ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर, हवा अशी की घरात बसणं पाप वाटावं. पहिलं मैदान शाळेचं. हिरवंगार, गालिचा अंथरल्यासारखं, आणि त्यावर एक चिटपाखरू नाही. फाटकाला कुलूप, वर पाटी, परवान्याशिवाय खेळू नये. दुसरं मैदान तसंच. तिसऱ्यावर मुलं होती, पण पिवळ्या शंकूंच्या रांगा होत्या, कोच होते, आणि आम्ही जवळ गेलो तशा एक बाई गोड हसत पुढे आल्या आणि विचारू लागल्या, "आर यू रजिस्टर्ड?" लेकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत बसल्यावर म्हणाला, "आई, यू कान्ट जस्ट शो अप. असं नुसतं जाऊन उभं नाही राहता येत."

मी गाडी तिथेच थांबवली. आमच्या गल्लीत नुसतं जाऊन उभं राहणं हीच भरती होती. उभं राहायचं, आणि कुणीतरी म्हणायचं, "ए, तू तिकडनं." मैदान कधी रिकामं मिळालंच नाही, जागेसाठी मारामाऱ्या व्हायच्या. इथे मैदानं रिकामी आणि पोरं गाडीत. दादाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर कुलूप लावून ठेवलेलं होतं.

त्या रविवारी मी दादाला हे सांगितलं, तर त्याने दुसरा खडा टाकला. "बरं, मग तिथल्या बायका कशा जगज्जेत्या हुत्यात? तीच मैदानं, तेच कोच." त्याला वाटलं, मी अडकले. मी म्हटलं, "दादा, जगात कुठल्या गल्लीत पोरींना खेळू दिलं? मला दिलं का? सगळ्या देशांनी पोरींना आत बोलावलं. मग पोरींचा फुटबॉल शिकायला उरली कुठली जागा? क्लास. आणि क्लास चालवण्यात अमेरिकेचा हात धरणारं कोण आहे? पण पोरांना बाकीच्या जगात गल्ली आहे. क्लासातलं पोरगं गल्लीतल्या पोरापुढे उभं राहिलं की आधी कोचकडे बघतं." आईने मला आत बोलावलं त्याबद्दल आम्ही दोघं तोवर कधी बोललोच नव्हतो. दादा म्हणाला, "बोलायला काय जातंय. दाखव की एकदा पोरं खेळवून."

आमच्या मराठी मंडळाची पिकनिक जुलैत असते, कौंटीच्या मोठ्या पार्कात. मंडळाचे अध्यक्ष काका निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ, फार जुन्या काळी इथे आलेले, स्वतःची बायपास झालेली. कार्यक्रम ठरलेला असतो: लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, अंताक्षरी आणि काका लोकांचं क्रिकेट. मी मीटिंगमध्ये म्हटलं, मला मुलांच्या फुटबॉलसाठी एक तास द्या.

"उत्तम!" काका म्हणाले. "कोचिंग कोण करणार?"

"कोणी नाही."

"मग रेफरी?"

"तोही नाही. आणि तासभर एकही मोठं माणूस मैदानात जाणार नाही, ओरडणार नाही, व्हिडिओ काढणार नाही."

झालं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गणपतीच्या वर्गणीलाही एवढे मेसेज येत नाहीत. कुणाला लागलं तर? टीम कोण पाडणार? कुणाचा मुलगा बाहेर बसला तर त्याच्या सेल्फ-एस्टीमचं काय? एका ताईंनी तीन जणांची उपसमिती सुचवली. माझ्या सख्ख्या नवऱ्याने लिहिलं, "सॉकर क्लिनिक ठेवू या का?" त्या दिवशी त्याला जेवायला आदल्या दिवशीची भाजी मिळाली.

शेवटी मी माझं हत्यार काढलं. म्हटलं, पिकनिकला सगळ्यांची मिसळ मी करते. आमच्या घरची, कोल्हापूरची, वरती लाल कट. पण ती मिळणार फुटबॉलच्या तासातच, शेडखाली, मैदानाकडे पाठ करून बसणाऱ्याला. मॉरिसव्हिलला माझी बहीण राहते, तिने कोल्हापूरहून आणलेला खास मसाला मी मागवलाय, हेही लिहिलं. विरोध मावळला. माणूस मुलाच्या सेल्फ-एस्टीमशिवाय तासभर राहू शकतो, मिसळीशिवाय नाही.

लेक पिकनिकला यायला एका अटीवर तयार झाला, की त्याला खेळायचा आग्रह कुणी करायचा नाही. मी कबूल केलं. तो चपला घालून आला आणि दूर एका झाडाखाली फोन घेऊन बसला. बूट गॅरेजमधल्या पिशवीतच होते. ती पिशवी द्यायला न्यायची मी रोज विसरत होते, मुद्दाम.

मी दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन शेवेच्या पिशवीला टेकवून मैदानाकडे तोंड करून ठेवला. तिकडे संध्याकाळ उलटून गेलेली, तो बनियनवर, मागे वहिनी. मुलांना मी सांगितलं, "हा चेंडू. इकडे दोन कूलर म्हणजे गोल, तिकडे दोन बॅगा म्हणजे गोल. बाकी तुमचं तुम्ही बघा." आणि मागे फिरले.

"काकू," एक मुलगा मागून म्हणाला, "हू पिक्स द टीम्स?"

"तुम्ही."

"व्हॉट इफ वी डू इट राँग?"

"मग राँग."

मी शेडखाली येऊन पातेल्याचं झाकण काढलं आणि वळून पाहिलं. मुलांनी रांग केली होती. कुणी सांगितलं नव्हतं, शंकू नव्हते, शिट्टी नव्हती, तरी चेंडूसमोर एकामागे एक, हात खाली सोडून, ड्रिलसाठी उभी. "बघ, किती डिसिप्लिन्ड आहेत," नवरा अभिमानाने म्हणाला. शेवेच्या पिशवीकडून आवाज आला, "रेशनचं दुकान हाय काय गं ते?"

मला दादाचा राग आला, नवऱ्याचा आला, त्या रांगेचा तर फारच आला. झाडाखालून लेकही ती रांग बघत होता, आणि त्याने परत फोनमध्ये डोकं घातलं. मला वाटलं, संपलं. एक तास मी भांडून मिळवला आणि त्यात या देशाने मला रांग दाखवली.

रांगेत सगळ्यात शेवटी एक छोटी होती. दुसरीतून तिसरीत जाणारी, गुलाबी झालरीचा फ्रॉक, आईने वेणीत गजरा माळलेला. तिला पुढचं काही दिसत नव्हतं. ती जरा डुलली, जरा वाकून पाहिलं, आणि मग सरळ रांग सोडून पुढे आली, चेंडूला लाथ घातली आणि त्याच्यामागे पळत सुटली. "शी कट द लाइन!" सगळी रांग ओरडली, आणि तिला पकडायला सगळी रांग पळाली. बस. पकडापकडीत चेंडू कुणाच्या तरी पायाला लागला, कूलरच्या दिशेने उडाला, कूलरवरून पलीकडे गेला. अर्धे म्हणाले, गोल. अर्धे म्हणाले, फार उंच होता. आणि भांडण सुरू झालं.

काय भांडण! गजरेवाली कमरेवर हात ठेवून, एक चष्मेवाला नाकपुड्या फुगवून, दोघंतिघं एकदम बोलतायत, निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी. माझ्या जिवात जीव आला. एक बाबा "काय झालं, काय झालं" करत उठले, मी त्यांच्यापुढे पळी आडवी धरली. "बसा खाली. कट वाढू?" मुलांनी शेडकडे पाहिलं. कुणी येत नाही असं दिसलं. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि सगळ्यांत मोठा कोण, तर झाडाखालचा. छोटी त्याच्याकडे पळत गेली आणि हाताला धरून त्याला ओढत घेऊन आली.

लेक जरा वेळ उभा राहून दोन्ही बाजूंचं ऐकत होता. मग त्याने कूलरजवळच्या मुलाला गोलकीपर म्हणून उडी मारायला लावली, हात वर करायला लावला, आणि म्हणाला, त्याचा हात पोहोचेल तेवढाच गोल. नो गोल. हा नियम आमच्या गल्लीचा. तो मी त्याला कधी सांगितला नव्हता. "सांगितलास व्हय तू?" दादाने विचारलं. मी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

भांडता भांडता दोन बाजू पडल्याच होत्या. "अँड वी आर वन लेस," चष्मेवाला चिडून म्हणाला. "यू प्ले फॉर अस."

लेकाने शेडकडे पाहिलं. मी घाईघाईने पातेल्यात डोकं घातलं. वर पाहिलं तेव्हा चपला गवतावर पडल्या होत्या आणि तो अनवाणी होता.

पहिल्यांदा चेंडू आला तेव्हा त्याने सवयीने तो लगेच सोडून दिला आणि कडेला बघितलं. कडेला कुणी नव्हतं. मोठ्या माणसांच्या पाठी होत्या आणि नाकं पुसणं चाललं होतं, कट तेवढा जमलेला. दुसऱ्यांदा चेंडू आला तेव्हा त्याने बघितलं नाही. पायाच्या आतल्या बाजूने ओढला, एकाला चकवलं, आणि दुसऱ्याच्या पायांमधून चेंडू काढून पलीकडून घेतला. तो दुसरा चष्मेवाल्याच्या भावासारखा दिसत होता, तो "हे!" म्हणून ओरडला. आणि माझा लेक हसला. खदखदून, बेसमेंटमधलं हसू, शेडपर्यंत ऐकू आलं. मी तिथेच रडायला लागले. मसाला डोळ्यात गेला असं मी कुणाला सांगितलं नाही, आनंदाने रडतेय असंच सांगितलं.

शेजारच्या शेडमध्ये कुणाचा तरी वाढदिवस होता, स्पॅनिश बोलणारं मोठं कुटुंब. त्यांची मुलं चेंडू बघून आली आणि नुसती कडेला उभी राहिली. रजिस्टर्ड आहात का, असं कुणी विचारलं नाही. छोटीने बोट दाखवलं, "यू, दॅट साइड." त्यानंतर खेळाला जो रंग चढला तो काय सांगू. त्यांच्या मावश्या मागोमाग आल्या, त्यांना मी मिसळ दिली. तिखटाला त्या आमच्या पुणेकरांपेक्षा खमक्या निघाल्या.

पाठ करून बसायचा नियम तोवर केव्हाच मोडला होता. पण ओरडत कुणी नव्हतं, एवढं मी पळी घेऊन पाहत होते. लेकाच्या पायात चेंडू आला आणि या वेळी तो थांबला. चेंडूवर पाय ठेवून उभा. एक आला, त्याने चेंडू मागे ओढला. दुसरा आला, तिसरा आला. त्याने तो जवळच ठेवला, फार वेळ ठेवला, ईमेलमध्ये लिहिलं होतं तेवढा. नवरा बाकावर चढला आणि "पा..." म्हणायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात मी त्यात पाव कोंबला. सगळं मैदान लेकाभोवती गोळा झालं होतं, आणि कूलरसमोर, पार मोकळ्यात, गुलाबी फ्रॉक एकटा नाचत होता.

"दादा, दे ना! दादा, दे नाऽऽ!" ती लेकाला हाका मारत होती.

त्याने दिला. त्या सगळ्या पायांमधून, हळू, थेट तिच्या पुढ्यात. छोटीने चेंडू आधी थांबवला, गजरा मागे टाकला, नेम धरला आणि लाथ घातली. गोलकीपरच्या हाताखालून चेंडू दोन कूलरच्या बरोबर मधून गेला. इतका खाली की भांडायला जागाच नव्हती.

शेडखाली जो आरडाओरडा झाला तो मी नाही थांबवला. बायपास झालेले अध्यक्ष काका पांढऱ्या झब्ब्यावर लाल कट सांडून दोन्ही हात वर करून उभे होते. ज्या ताईंना उपसमिती हवी होती, त्या बाकावर चढून शिट्ट्या मारत होत्या, दोन बोटं तोंडात घालून. फोन शेवेत उताणा पडला होता आणि त्यातून आवाज येत होता, "नाद खुळा! नाद खुळा! अगं, फोन उचल की, छप्पर दिसतंय नुसतं!" मी उचलला. दादाचे डोळे ओले होते. "त्या पोरीचा पाय बघितलास?" तो म्हणाला. आणि मग, "तुलाबी खेळू द्यायला पायजे हुतं. मी आईला बोलाय पायजे हुतं." इतक्या वर्षांत अमेरिकेबद्दल तो एवढं बोलला आणि माझ्याबद्दल हे पहिल्यांदाच बोलला. मी त्याला परत मैदान दाखवलं.

छोटीची आई तिला आत बोलवायला निघाली होती, फ्रॉकवर गवताचे हिरवे डाग पडले म्हणून. मी तिचा हात धरला. म्हटलं, "राहू दे गं. आज खेळू दे, आणि मोठी झाली तरी खेळू दे." ती थांबली.

तास कधीच संपला होता. काका लोकांचं क्रिकेट त्या दिवशी झालंच नाही, कारण मैदान रिकामं मिळालं नाही. मैदान रिकामं मिळालं नाही! हे वाक्य मी घरी जाताना गाडीत दोन-तीनदा मोठ्याने म्हटलं आणि नवरा प्रत्येक वेळी हसला. त्या रात्री त्याला ताजी भाजी मिळाली.

आता अमेरिका उद्या विश्वचषक जिंकेल असं मी म्हणत नाही. दादा म्हणालाच, "एका पिकनिकनं काय हुतंय?" मी म्हटलं, "तुझी पेठ काय एका दिवसात झाली?" तो हसला. अमेरिकेच्या नावाने त्याने त्या रविवारी एक शब्द काढला नाही.

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यापलीकडेच एक जुनं टेनिस कोर्ट आहे. जाळी केव्हाच गेलेली, सिमेंटला भेगा, कुणी त्याला कुलूपसुद्धा लावत नाही. पिकनिकनंतर आठवडाभराने एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि गॅरेजमधून चेंडू आपटल्याचा आवाज आला. मी गॅस बंद केला, सवयीने गाडीची किल्ली उचलली आणि बाहेर गेले. लेक बूट घालत बसला होता. दान द्यायची पिशवी उघडी पडली होती, कपडे बाहेर आले होते.

"कुठे सोडू?" मी विचारलं.

"नको. चालत जातोय. टेनिस कोर्ट."

"कोण कोण येणार आहे? कुणाला मेसेज केलास का?"

"नाही." त्याने बुटाची नाडी ओढून बांधली, चेंडू काखेत मारला आणि माझ्याकडे बघून हसला. "आय'म जस्ट गॉना शो अप, आई."

तो कोपऱ्यावरून दिसेनासा झाला तरी मी किल्ली हातात घेऊन दारात उभीच होते. थोड्या वेळाने कोर्टाकडून भांडल्याचे आवाज यायला लागले. मी किल्ली खुंटीला अडकवली आणि दादाला फोन लावला, रविवार नसताना.